'ब्लड ऑन द ट्रॅक्स'ची न्यूयॉर्क आवृत्ती: गाणी जमली, वेग जुळवणं चालू

कामाचं स्वरूप माहीत नसलेल्यांसाठी दोन ओळी. बॉब डिलनचा हा अल्बम जानेवारी 1975 मध्ये आला, पण त्यातली दहाही गाणी त्याआधी न्यूयॉर्कच्या ए अँड आर स्टुडिओत (16 ते 19 सप्टेंबर 1974, ध्वनिमुद्रक फिल रमोन) झाली होती आणि टेस्ट प्रेसिंगही (विक्रीआधी तपासणीसाठी काढलेली नमुना तबकडी) निघालं होतं. मग भाऊ डेव्हिड झिमरमनच्या सांगण्यावरून 27 आणि 30 डिसेंबरला मिनियापोलिसच्या साउंड 80 मध्ये पाच गाणी नव्याने झाली: 'टँगल्ड अप इन ब्लू', 'यू आर अ बिग गर्ल नाऊ', 'इडियट विंड', 'लिली, रोझमेरी अँड द जॅक ऑफ हार्ट्स' आणि 'इफ यू सी हर, से हॅलो'. ही पाच न्यूयॉर्क रूपांत, फक्त अधिकृत प्रकाशनांमधून घेऊन, बाजारातल्या अल्बमशेजारी ठेवायची आहेत.

कुठे काय मिळतं? 1985 च्या 'बायोग्राफ' संचात 'बिग गर्ल' ऑर्गन आणि पेडल स्टीलसकट आहे. 1991 च्या बूटलेग सिरीज (डिलनच्या अप्रकाशित ध्वनिमुद्रणांची अधिकृत मालिका) 1 ते 3 मध्ये 'टँगल्ड', 'इडियट विंड' आणि 'इफ यू सी हर'. 'लिली'ला मात्र 2 नोव्हेंबर 2018 ला आलेल्या 'मोअर ब्लड, मोअर ट्रॅक्स'पर्यंत थांबावं लागलं. त्याचा सहा सीडींचा संच घ्या, एका सीडीच्या निवडीवर हे काम होत नाही. 2019 च्या रेकॉर्ड स्टोअर डेला खुद्द टेस्ट प्रेसिंगच एलपी म्हणून आलं, ते हाती असेल तर तुलनेचा मापदंड तेच. नसेल तर एक पथ्य पाळा: गाणं तेच आणि तारीखही तीच, म्हणून टेक (एका दमात केलेलं एक ध्वनिमुद्रण) तोच असं धरू नका. 2018 च्या संचात प्रत्येक टेकची तारीख आणि क्रमांक छापलेला आहे, तो फाइलच्या नावात लिहून ठेवा.

आता अडलेला भाग. रमोनने मूळ अल्बमच्या वेळी बऱ्याच मास्टरचा (ज्यावरून तबकडी बनते त्या अंतिम टेपचा) वेग 2 ते 3 टक्के वाढवला होता. रेडिओवर गाणं जरा टवटवीत वाटावं म्हणून त्या काळी हे सर्रास होई. 2018 च्या संचात मल्टिट्रॅकवरून (प्रत्येक वाद्य वेगळं असलेल्या मूळ टेपवरून) नवं मिश्रण करताना वेग मूळचा ठेवला आणि जादा एकोही काढला. 'न्यूयॉर्कची गाणी संथ, मिनियापोलिसची धावती' हे मत आपल्यात फार चालतं. ते 2018 चा संच आणि जुनी एलपी शेजारी लावून बनलं असेल तर त्यातला थोडा संथपणा निव्वळ टेपचा आहे. वादाआधी वेग सारखा करायला हवा.

2 टक्के म्हणजे सुमारे 34 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), 3 टक्के म्हणजे 51. पट्टी जवळजवळ पाव स्वराने चढते. गिटार ओपन ट्यूनिंगमध्ये लावून एलपीबरोबर वाजवू पाहणाऱ्यांची तार 'कुठेच बसत नाही' त्याचं कारण हेच.

मोजायचं असं. दोन्हीकडे तोच टेक असलेलं गाणं निवडा. 'शेल्टर फ्रॉम द स्टॉर्म'चा अल्बममधला टेक सोयीचा. पहिल्या ठळक झंकारापासून शेवटच्या कडव्यातल्या एखाद्या शब्दाच्या आरंभापर्यंत दोन्हीकडे वेळ घ्या. गाण्याची पूर्ण लांबी घेऊ नका, आगेमागे सोडलेली शांतता वेगवेगळी असते. समजा 2018 मध्ये 240 सेकंद आणि एलपीवर 234 आले, तर गुणक 240 भागिले 234, म्हणजे 1.0256. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग आणि पट्टी एकत्र बदलणारा इफेक्ट घ्या. नुसता टेम्पो बदलणारा घेतला तर पट्टी जागेवर राहते आणि तारांचा आघात चिरफाळतो.

'टँगल्ड'वर हे माप लावू नका. मिनियापोलिसमध्ये गिटारवादक केविन ओडेगार्डच्या सूचनेवरून ते जी वरून ए पट्टीत गेलं, म्हणजे दोन गाणी मुळातच वेगळी. 'लिली'ही नाही: न्यूयॉर्कच्या रूपात एक कडवं जास्त आहे.

एलपीवरून उतरवणाऱ्यांनी आधी टर्नटेबल तपासावं, नाहीतर यंत्राची चूक रमोनच्या नावावर जाईल. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणून स्ट्रोब चकतीवरचं (टर्नटेबलवर ठेवायची रेषांची चकती, वेग बरोबर असला की रेषा स्थिर दिसतात) 180 रेषांचं वर्तुळ बघायचं. 216 चं वर्तुळ अमेरिकेच्या 60 हर्ट्झसाठी. चांगला एलईडी दिवा लुकलुकत नाही, त्याच्याखाली रेषा ठरतच नाहीत. जुन्या चोकची ट्यूबलाइट लावा.

आवाजाची पातळी लाउडनेस नॉर्मलायझेशनने (कानाला जाणवणाऱ्या सरासरी पातळीने) सारखी करा, पीकवर (सर्वात उंच क्षणावर) नाही. क्लिक काढणारा फिल्टर मात्र बंद. न्यूयॉर्कच्या टेकमध्ये डिलनच्या जॅकेटची बटणं गिटारवर आपटताना ऐकू येतात, ती टेपवरच आहेत आणि फिल्टर ती धूळ समजून खातो. सगळ्यात वाईट साफसफाई हीच.

एलपीची एक अडचण उरतेच: पहिली बाजू सव्वापंचवीस मिनिटांची, दुसरी सव्वीसच्या वर. खाचा दाटलेल्या आणि दुसऱ्या बाजूच्या अगदी आत 'बकेट्स ऑफ रेन'ची नाजूक गिटार. तिथे करकर आली तर तबकडीला दोष देण्याआधी कार्ट्रिजची (सुई बसवलेल्या भागाची) मांडणी पुन्हा बघा.

कव्हर जमवणाऱ्यांसाठी: पीसी 33235 च्या (अल्बमच्या मूळ एलपीचा क्रमांक) सुरुवातीच्या प्रतींवर मागे पत्रकार पीट हॅमिलचा मजकूर आहे, मग तो गेला आणि हॅमिलला ग्रॅमी मिळाल्यावर परत आला. त्यामुळे मजकूर आहे म्हणजे पहिलीच प्रत, असं म्हणणाऱ्या विक्रेत्याला जास्त पैसे देऊ नका. मिनियापोलिसच्या वादकांची नावं त्या कव्हरवर नाहीत, कारण कव्हरं आधीच छापून झाली होती.

पुढचं काम: 'बायोग्राफ'मधल्या 'बिग गर्ल'चा गुणक काढणं. 2018 च्या संचात तोच टेक पक्का ओळखला की मोजणी सुरू.