बाई तानपुऱ्याकडे सरकते

दुरुस्त केलेला अँप, म्हणजे अँप्लिफायर, घरपोच दिला की माझं काम संपतं. डोंबिवलीच्या त्या काकांकडे ते तिथून सुरू झालं. मुलाने त्यांना पुस्तकाएवढा नवा क्लास-डी (ट्रान्झिस्टर झपाझप चालू-बंद करून चालणाऱ्या जातीचा) अँप आणून दिला होता. काका म्हणत, "यात गाणं बसत नाही." मुलगा म्हणे, मनाचे खेळ. एकदाचा सोक्षमोक्ष लावा म्हणून मला गळ घातली. मी आनंदाने तयार झालो. चांदीच्या केबलने आवाज 'गोड' होतो असं सांगून लोकांना हजारोंना गंडवणारे विक्रेते मी वीस वर्षं बघतोय, आणि काकांनाही मनातल्या मनात त्यांच्याच गिऱ्हाइकांत बसवून मोकळा झालो होतो.

ब्लाइंड टेस्ट म्हणजे डोळ्यांवर पट्टी, एवढंच लोकांना वाटतं. मी केली ती एबीएक्स. डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये तिच्यावर लिहिलं होतं. ए आणि बी हे दोन अँप हवे तेवढे ऐका, मग एक्स हा त्यातला कोणता ते सांगा. सोळा वेळा. नुसत्या अंदाजाने बारा किंवा जास्त बरोबर यायची शक्यता शंभरात चार.

खरी मेहनत जोडणीत आहे. क्लास-डी अँपचं काळं टर्मिनल बऱ्याचदा ग्राउंड नसतं. दोन अँपच्या काळ्या वायरी एकत्र केल्या तर नवा अँप जागच्या जागी जातो. म्हणून रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचने, लाल-काळं दोन्ही तोडायचं. त्यात रिले टक् वाजतो. बदल झाला तरच वाजला, तर माणूस गाणं सोडून ते टक् ओळखेल. म्हणून दर वेळी आधी दोन्ही अँप सुटणार, मग एक लागणार. रिलेचा डबा पॅसेजमध्ये, दार बंद. तिथे काकांची नात नाणं उडवून वहीत लिहीत होती, त्यामुळे एक्स कोण हे मलाही माहीत नव्हतं. आवाज ०.१ डेसिबलच्या आत जुळवायचा, म्हणजे एक व्होल्टाला बारा मिलिव्होल्ट, कारण किंचित मोठा आवाज कानाला मोठा लागत नाही, 'चांगला' लागतो. मोजायला सूर ४०० हर्ट्झचा लावला. साध्या मल्टिमीटरचा त्यापुढे भरवसा नाही. काका रोज ऐकतात त्या हळू आवाजाला दोन्हीकडे बरोबर १.०० व्होल्ट आणला.

एका गायिकेच्या खयालाची सीडी लावली. काका प्रत्येक वेळी दहा सेकंदांत सांगत. "हा जुना. बाई तानपुऱ्याकडे सरकली." पुन्हा, "हा नवा. बाई मधोमध." मी मनात म्हटलं, झालं कवित्व सुरू.

सोळापैकी चौदा बरोबर.

नाणं उडवून असं पाचशेत एकदा होतं. मुलगा गप्प झाला. चहा झाला. कप खाली ठेवताना डोक्यात आलं: सीडीत तानपुरा डावीकडे आहे. मी मीटर लावला होता तो फक्त डाव्या चॅनलला. जुन्या अँपचा उजवा मोजला. ०.८७. सव्वा डेसिबल कमी. व्हॉल्यूमचा पॉट म्हणजे एका दांडीवर दोन कार्बन ट्रॅक. हळू आवाजाला ते हमखास पुढेमागे होतात. महिनाभर हाच अँप माझ्या टेबलावर होता आणि व्हॉल्यूमच्या त्या जागी मी उजवं चॅनल एकदाही मोजलं नव्हतं. काका मला बिघाड सांगत होते, पत्त्यासकट.

बॅलन्सचा नॉब उजवीकडे नेऊन दोन्ही चॅनल जुळवले. पुन्हा सोळा. आता नऊ.

"बघा बाबा," मुलगा म्हणाला. तो ते 'बघा' ज्या सुरात म्हणाला, ते मला आवडलं नाही. पण अडकलोय मी भलतीकडेच. पहिल्यांदाच नीट जुळवलं असतं तर नऊ आले असते, मी 'मनाचे खेळ' म्हणून जिना उतरलो असतो, आणि तेव्हाही काका बरोबरच असते.

म्हटलं, "काका, पॉट बदलून देतो. पैसे नकोत."

"नको," काका म्हणाले. "तीस वर्षं बाई तिथेच बसल्येय. तो नॉब होता तिथे आणून ठेव."

ठेवला.