त्रिज्या 2.5, अंतर 6.5

महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी आठवणी पाठवा, असं शाळेचं पत्र आलं आणि कोणावर लिहायचं हा प्रश्नच पडला नाही. भूमितीचे सर!

शाळेचा इतिहास इतर मंडळी लिहितीलच. लोकमान्यांच्या निधनानंतर वर्षभरात, 1921 साली, पार्ल्यात पार्ले टिळक विद्यालय सुरू झालं. पुढे उपनगरं वाढत गेली तशी ठिकठिकाणच्या नोकरदारांनी वर्गणी काढून तोच कित्ता गिरवला. आपली शाळा त्यांतलीच. दोन पाळ्या, एका बाकावर तिघं, आणि आहे त्या साहित्यात काम चोख करायचं. सरांचा तास म्हणजे हाच शाळेचा स्वभाव.

वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची रचना घ्या. सर त्रिज्या 2.5 सेमी आणि केंद्र O पासून बाहेरच्या बिंदू P चं अंतर 6.5 सेमी द्यायचे. OP जोडायचा, त्याला मधोमध काटकोनात छेदणारी रेषा, म्हणजे लंबदुभाजक, काढून मध्यबिंदू M मिळवायचा, M केंद्र आणि MO त्रिज्या घेऊन वर्तुळ काढायचं. ते मूळ वर्तुळाला छेदेल ते स्पर्शबिंदू; ते P ला जोडले की स्पर्शिका. अर्धवर्तुळातला कोन काटकोन, म्हणून पायथागोरसच्या नियमाने स्पर्शिका बरोबर 6 सेमी यायलाच हवी. पट्टी लावली की आपली चूक आपल्यालाच कळते, सरांना विचारावं लागत नाही. आकडे असे निवडणं हीच त्यांची खरी विद्वत्ता.

5.8 आली, तर कारणंही ठरलेली. लंबदुभाजकासाठी कंपास OP च्या निम्म्याहून जेमतेम जास्त उघडला, की कंस एकमेकांना घासत जातात आणि छेदनबिंदू नेमका कुठे ते समजत नाही. म्हणून 6.5 च्या रेषेला कंपास 5 सेमीच्या आसपास उघडायचा. कंस स्वच्छ छेदतात. कंपासचा स्क्रू सैल असेल तर त्रिज्या फिरता फिरता वाढते. पट्टीची कड झिजलेली असते, तेव्हा माप शून्याच्या रेघेपासून घ्यायचं, कडेपासून नाही. आणि पेन्सिल टोकदार हवी. जाड रेघेत अर्धा मिलिमीटर सहज हरवतो. फळ्यावर सर दोऱ्याने वर्तुळ कधीच काढत नसत. दोरा ताणतो. लाकडी कंपास नसला तर भोकं पाडलेली पट्टी.

1975 साली अकरावीच्या मॅट्रिकऐवजी दहावीची परीक्षा आली, पुढे अभ्यासक्रम कितीदा बदलले; स्पर्शिकेची रचना मात्र टिकून आहे. या शाळेतली मुलं आज पुलांचे आराखडे काढतात, जमिनी मोजतात. त्या हातांना वळण सरांनी लावलं.

आता पडद्यावर बोट फिरवलं की वर्तुळ बिनचूक उमटतं. बघायला छान, पण कंस कुठे चुकतो ते मुलाला दिसतच नाही, याचं वाईट वाटतं.

माजी विद्यार्थी संघाला एक विनंती. महोत्सवाच्या निधीतून नववी-दहावीच्या प्रत्येक वर्गाला फळ्यावरचा एक लाकडी कंपास द्यावा, आणि स्क्रू घट्ट बसतो ना, हे घेतानाच पाहावं.