कामून आलास?

वारीत दिवे घाट, जेजुरी, लोणंद सगळं मागे पडलं, वार-तारीख पण विसरलो. डोक्यात राहिलीये ती बरड ते नातेपुते मधली दुपार. धर्मपुरीच्या पुढे टाचेला लिंबाएवढा फोड आला आणि मी रस्त्याच्या कडेला बसकण मारली. खरं सांगू का, जाम चिडलेलो. रात्रभर राहुटीत शेजारच्या काकांचं घोरणं, सकाळी अंघोळीला टँकरच नाही, वर पावली चुकली म्हणून एका टाळकऱ्याने सगळ्यांसमोर झापलेलं. भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणा-मुक्कामाचे पैसे, भरलीये, दिंडीत नाव आहे, तरी आपलं पाहुण्यासारखं.

आमच्याच दिंडीतली तुळसवाली एक आजी थांबली, परभणीकडची. तुळस माझ्या हातात दिली, "धर माऊली, खाली ठिऊ नको." पिशवीतनं सुई काढली, दोऱ्याला हळद लावली, फोडातनं आरपार ओवला आणि दोरा तसाच आत ठेवला, त्यातनं पाणी निथळतं म्हणे. मी कळवळतोय आणि ही विचारते, "कामून आलास रे?"

माऊलींनी बोलावलं असं म्हणता आलं असतं, सगळे तेच म्हणतात. पण तोंडातून निघून गेलं की तीन वर्षं पुण्यात रूमवर एकटा राहतो, काम पण घरूनच, शनिवार-रविवार कधी कधी कुणाशी एक शब्द बोलणं होत नाही, माणसं पाहिजे होती म्हणून आलो. लगेच लाज वाटली, विठोबाच्या वाटेवर हे असलं कारण.

"मालक गेल्यावर मला बी घर खायला उठायचं," ती म्हणाली. "पहिल्या वारीला पांडुरंगासाठी कुठं आले होते. तो मागून भेटला." मग पायाला फडकं बांधता बांधता, "पंगतीला पाणी वाढत जा आजपासून, नुस्ता बसून जेवतोस."

म्हणजे बघत होती इतके दिवस! रागच आला थोडा.

नातेपुत्यात मुक्कामाच्या समाजआरतीला चोपदारांनी दंड वर केला, सगळीकडे चिडीचूप, फक्त आमच्या दिंडीचे टाळ वाजत राहिले. ज्या दिंडीची तक्रार असते ती टाळ थांबवत नाही, आमची टँकरची होती ना. ऐकून घेतली तेव्हा थांबले.

नंतर बहिणीचा फोन. "अगं आमच्याकडे टँकरच आला नव्हता, आम्ही तक्रार केली."

"आम्ही म्हणजे कोण रे?"

तेवढ्यात ते घोरणारे काका ओरडले, पंगत बसली, पाणीवाला कुठाय. ठेवला फोन.