‘तो’ म्हणजे ‘ती’सुद्धा: फोर्टमधल्या कागदांत चार दिवस

कोकणकन्या पहाटे सीएसएमटीला पोचली तेव्हा पुराभिलेखागार, म्हणजे जुने सरकारी कागद जपणारं दप्तरखाना, उघडायला अजून कितीतरी वेळ होता. स्टेशनबाहेर चहा घेतला आणि डी. एन. रोडने हुतात्मा चौकाकडे चालत निघाले. पिशवीत दोन कोऱ्या वह्या, चार पेन्सिली, आमच्या प्राचार्यांचं शिफारसपत्र, ओळखपत्राची प्रत आणि आईने बांधून दिलेले घावणे.

मी रत्नागिरीला कॉलेजात इतिहास शिकवते. दरवर्षी वर्गात सांगते की १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठं निघाली, मुंबईचं १८ जुलैला. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, “मॅडम, मग मुलींना कधी घेतलं?” १८८३, मी म्हटलं. “आधी का नाही? बंदी होती का?” मला उत्तर देता आलं नाही. १८८३ हे साल मी पुस्तकातून उचललं होतं, पुस्तकाने दुसऱ्या पुस्तकातून. त्यामागचा कागद मी कधी पाहिलाच नव्हता, आणि इतकी वर्षं शिकवूनही पाहिला नाही, हे मनाला फार लागलं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीतले चार दिवस राखून ठेवले.

सकाळच्या उन्हात ओव्हल मैदानावरून विद्यापीठाचा राजाबाई टॉवर बघत बराच वेळ उभी राहिले. १८६४ साली, कापसाच्या तेजीच्या ऐन भरात, व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मग मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आईचं नाव द्यावं, ही त्यांची इच्छा. पुढच्याच वर्षी तेजी कोसळली. पायाचा दगड बसला १८६९ मध्ये आणि काम पुरं व्हायला १८७८ उजाडलं. राजाबाईंना सूर्यास्ताआधी जेवायचं असे, दिसत नसल्यामुळे वेळ कळावी म्हणून मुलाने घंटा बांधली, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे. ती मी पहिल्या वहीत लिहिली. दोन वह्यांचं कारण हेच: एक ऐकलेल्याची, दुसरी डोळ्यांनी वाचलेल्याची.

काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्राचं पुराभिलेखागार आहे. मूळ मुंबई सरकारचं रेकॉर्ड ऑफिस, १८२१ सालचं. अर्ज भरला, पिशवी बाहेर ठेवली, पेनही बाहेरच. आत पंख्यांचा संथ आवाज आणि जुन्या कागदाचा तो किंचित आंबूस वास. मागणीच्या चिठ्ठीवर मी मोठ्या उत्साहाने लिहिलं: ‘मुंबई विद्यापीठ, स्त्रियांचा प्रवेश’.

काउंटरवरच्या काकांनी चिठ्ठी वाचून शांतपणे परत दिली. “असं नाही मिळायचं, मॅडम. खातं सांगा, साल सांगा.” मी म्हटलं, खातं कोणतं ते मला कसं कळणार? त्यावर ते जे बोलले ते मी तसंच उतरवून घेतलं. “कागद विषयाने लावलेला नसतो. ज्याच्या टेबलावर आला त्याच्या दप्तरात राहतो. पत्र कुणी कुणाला लिहिलं, ते आधी ठरवा.”

पहिला दिवस तसा वायाच गेला. शिक्षण खात्याची दोन जाडजूड बाडं मागवली आणि चाळत बसले. शाळांची अनुदानं, बदल्या, पेन्शनी. लोहयुक्त शाई शंभर-सव्वाशे वर्षांत तपकिरी होते आणि काही ठिकाणी कागदच खाते. ‘टी’ची मधली रेघ जिथे असायची तिथे बारीक भोक पडलेलं. अक्षर कारकुनी, वळणदार. पहिला तासभर मला एकही वाक्य सलग लागेना. मग लक्षात आलं की घडी केलेल्या पत्राच्या पाठीवर तारीख, पाठवणारा आणि दोन ओळींचा गोषवारा असतो. आधी पाठ वाचायची, कामाचं वाटलं तरच पोटात शिरायचं. हे उमगल्यावर हात भरभर चालू लागले.

रात्री दादरला मावशीकडे बसून काकांच्या सांगण्याप्रमाणे वहीत एक वाट काढली. त्या काळचं मुंबई विद्यापीठ म्हणजे वर्ग नाहीत, प्राध्यापक नाहीत. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर ते फक्त परीक्षा घेई आणि पदव्या देई. स्वतःची इमारतसुद्धा नव्हती. सुरुवातीला कचेरी टाउन हॉलमध्ये होती. कावसजी जहांगीर यांच्या देणगीतला दीक्षान्त सभागृह पुरा झाला तो १८७४ मध्ये. म्हणजे परीक्षेला बसायचं तर अर्ज जाणार रजिस्ट्रारकडे, तिथून सिंडिकेटकडे, म्हणजे कारभार पाहणाऱ्या मंडळाकडे, आणि नियम बदलायचा तर सिनेटपुढे, म्हणजे विद्यापीठाच्या मोठ्या सभेपुढे. आणि १८५७ च्या कायद्याप्रमाणे विद्यापीठाच्या नियमांना सरकारची मंजुरी लागे. म्हणजे अर्ज विद्यापीठाच्या कागदांत असणार आणि मंजुरी सरकारच्या. मी अर्ज शोधायला मंजुरीच्या दारात बसले होते!

तिसऱ्या दिवशी परवानगी घेऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले. रंगीत काचांतून टेबलावर निळा-लाल उजेड पडतो, त्यात कागद वाचणं हे मोठं सुख आहे. मी मागवली विद्यापीठाची जुनी कॅलेंडरं. कॅलेंडर म्हणजे दिनदर्शिका नव्हे. कायदा, नियम, प्रश्नपत्रिका, पदवीधरांच्या याद्या असं सगळं असलेलं दरवर्षीचं जाड पुस्तक. याद्यांपाशी मी अडकलेच. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकला उत्तीर्ण झालेले २१ जण. १८६२ चे पहिले बी. ए.: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे, वामन आबाजी मोडक. इंग्रजी स्पेलिंग पानागणिक बदलतं, त्यामुळे आडनावावर भिस्त ठेवून शोधणारा हमखास चुकतो. नाव आणि वडलांचं नाव धरून शोधायचं, हा दुसरा धडा.

मुख्य काम मात्र नियमांचं होतं. दोन लागोपाठच्या वर्षांची कॅलेंडरं शेजारी उघडून ओळीला ओळ लावत गेले. कंटाळवाणं काम, पण याहून खात्रीची युक्ती मला अजून माहीत नाही. जिथे ओळ हलली तिथे कुणीतरी काहीतरी मागितलेलं असतं. स्त्रियांना बंदी असं कुठेही लिहिलेलं नाही. परीक्षार्थी सगळीकडे ‘तो’ आहे, एवढंच. १८७० च्या दशकात रेव्हरंड सोराबजी खर्शेटजी यांनी आपल्या थोरल्या मुलीला मॅट्रिकला बसू देण्याची विनंती केली, ती नाकारली गेली. ‘तो’ या एका शब्दाच्या आडोशाला उभं राहून नकार देता येत होता. आणि १८८३ मध्ये तोडगाही तिथेच निघाला: नियमांतल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश समजावा. ते वाचताना हाताला खरंच कापरं भरलं. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर होतं ते: बंदी नव्हती, नियम लिहिताना मुलगी कुणाच्या मनातच आली नव्हती. मला तर हे बंदीपेक्षा जास्त बोचलं. बंदी असती तर निदान कुणीतरी तिचा विचार केला, असं तरी म्हणता आलं असतं.

त्याच सोराबजींची आणखी एक मुलगी कॉर्नेलिया पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाली, मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर. थोरल्या बहिणीला मिळालेल्या नकाराचं उत्तरी पत्र कसं होतं, कुणाच्या सहीचं होतं, हे मला आता फार बघायचं आहे.

चौथ्या दिवशी पुन्हा काळा घोड्याला गेले. या वेळी चिठ्ठीवर लिहिलं: शिक्षण खातं, १८८३. काकांनी वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, “आता कसं! पण १८८४ पण मागवा. मंजुरीला वेळ लागतो.” साडेपाचपर्यंत १८८३ चं एक बाड संपलं. १८८४ ची चिठ्ठी भरून त्यांच्याकडे ठेवली आहे, नाताळच्या सुट्टीतली तारीख टाकून.