तुम्ही विचारलंत म्हणून : रडार डिटेक्टर कुठला घ्यावा?

न्यू जर्सीत आमच्या ओळखीतल्या कुणाचीही मुलं कॉलेजला गेली, की वर्षभरात त्या घरासमोर दोन दारांची गाडी उभी राहते. कधी बॉक्स्टर, कधी मस्टँग, हल्ली कॉर्व्हेट. मग गणपतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत मला कुणीतरी गाठतं. "तुमच्या माझदा मियाटात काचेला तो काळा डबा असतो ना, तो कुठला? आम्ही कुठला घेऊ?" तरुण मुलं 'मावशी' म्हणत मोकळेपणानं विचारतात, त्यांचे वडील आवाज जरा खाली आणून. तो डबा म्हणजे रडार डिटेक्टर, पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडार गनची लहर पकडून आधीच इशारा देणारं यंत्र. हातात ताट असताना मी मॉडेलचं नाव सांगून मोकळी होते, पण ते उत्तर अर्धंच असतं.

माझं मत असं, की सर्वांत लांबून पकडणारा डिटेक्टर शोधू नका, उगाच कमीत कमी ओरडणारा शोधा. जाहिराती नेमकं याच्या उलट सांगतात, म्हणून जरा विस्तारानं लिहिते.

त्याआधी कायदा. अमेरिकेत खासगी गाडीत डिटेक्टर बाळगायला बहुतेक सगळीकडे परवानगी आहे. व्हर्जिनिया राज्य आणि वॉशिंग्टन डीसी हे दोन अपवाद, आणि जर्सीकरांचा लाँग वीकेंड नेमका तिकडेच जातो. मुलांना म्युझियम दाखवायची, पुढे लुरेच्या गुहा, स्कायलाइन ड्राइव्ह. व्हर्जिनियात यंत्र चालू होतं हे पोलिसांना सिद्धही करावं लागत नाही. ते विजेला जोडलेलं नसेल आणि गाडीतल्या कुणाच्या सहज हाताशी नसेल, तरच चालतं. म्हणजे मेरीलँड संपायच्या आत तार काढून डबा डिकीत. तिथे वेगाचा कायदाही कडक आहे. मर्यादेपेक्षा 20 मैल जास्त, किंवा मर्यादा काहीही असो, ताशी 85 च्या वर गेलात, तर तो 'रेकलेस ड्रायव्हिंग'चा गुन्हा धरता येतो. तो फौजदारी गुन्हा आहे, त्याला 12 महिन्यांपर्यंत कैद आणि 2,500 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ज्यांचं व्हिसाचं किंवा ग्रीन कार्डाचं काम चालू आहे, त्यांनी 'गुन्हा सिद्ध झाला आहे का?' या रकान्यासमोर बसून विचार करण्यापेक्षा आधीच केलेला बरा.

टोरांटोला बहिणीकडे जाणाऱ्यांनीही ऐकून ठेवा. ऑन्टारिओत डिटेक्टर बंद असला तरी गाडीत सापडणं हाच गुन्हा. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा आणि सॅस्कॅचेवान या तीनच प्रांतांत तो चालतो. 'लपवून ठेवला तर कुणाला कळतंय' हेही चालू यंत्राच्या बाबतीत खरं नाही. बहुतेक डिटेक्टरच्या आत स्वतःचा एक छोटा ऑसिलेटर, म्हणजे लहर तयार करणारा भाग, असतो आणि त्यातून थोडी लहर बाहेर झिरपते. ती ओळखणारी यंत्रं पोलिसांकडे असतात. स्पेक्टर हे त्यातलं जाणकारांना धडकी भरवणारं नाव.

हा सगळा धंदा उभा राहिला तो तेलटंचाईमुळे. 1974 च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी तेल वाचवायला देशभर ताशी 55 मैलांची मर्यादा आणणाऱ्या कायद्यावर सही केली. लांबच लांब सरळ रस्ते, मोठाली इंजिनं आणि 55 ची मर्यादा. ओहायोतल्या डेटनच्या डेल स्मिथ यांचा फझबस्टर हा डिटेक्टर त्या काळात ट्रकवाल्यांच्या हाती पडला. 1978 मध्ये सिनसिनाटीच्या जिम येगर आणि माइक व्हॅलेंटाइन या दोघा इंजिनिअरांनी त्याहून कितीतरी संवेदनशील असा एस्कॉर्ट बाजारात आणला. पुढे दोघांचं फाटलं. व्हॅलेंटाइन वेगळे झाले आणि 1992 मध्ये त्यांनी व्हॅलेंटाइन वन काढला. त्यात दोन अँटेना होते, एक पुढे बघणारा आणि एक मागे, आणि लहर कुठल्या बाजूनं येते ते बाणानं दिसायचं. 55 ची देशव्यापी मर्यादा 1995 मध्ये गेली, पण हे दोन ब्रँड आजही एकमेकांसमोर उभे आहेत. ट्रकवाल्यांना मात्र हे सुख राहिलं नाही. राज्याबाहेर माल नेणाऱ्या मोठ्या ट्रकमध्ये डिटेक्टरला 1994 पासून देशभर बंदी आहे.

आता आतली गंमत. पोलिसाची गन लहर सोडते, ती तुमच्या गाडीवर आपटून परत जाते आणि परतताना तिची वारंवारता बदललेली असते. डॉपलर परिणाम, अकरावी-बारावीत आपण सगळ्यांनी गणितं सोडवली आहेत. गाडी ताशी 60 मैलांनी समोरून येत असेल, तर 24.15 गिगाहर्ट्झची लहर साधारण 4,300 हर्ट्झनं चढून परत येते. गनला वाचायचा असतो तो हा दमून परत आलेला प्रतिध्वनी. तुमच्या डिटेक्टरला मात्र जातानाची ताजी लहर मिळते. त्याला वेग मोजायचा नसतो, नुसतं 'आली' म्हणायचं असतं. म्हणून गनच्या टप्प्यात शिरण्याच्या पुष्कळ आधी तो बोलू शकतो. सपाट मोकळ्या रस्त्यावर मैल-दोन मैलांवरूनही बोलतो. मध्ये टेकडी किंवा वळण आलं, की हा आकडा कोसळतो, मग यंत्र कितीही महाग असो.

पोलिस आज मुख्यतः के आणि केए बँड, म्हणजे वारंवारतेचे दोन पट्टे, वापरतात. के म्हणजे 24.15 गिगाहर्ट्झच्या आसपास. केए म्हणजे 33.4 ते 36 च्या दरम्यान, आणि त्यातही गन बहुधा 33.8, 34.7 किंवा 35.5 वर असते. एक्स बँड आता क्वचित. केए बँडचा इशारा आला, की मी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलते, कारण त्या पट्ट्यात बाकी फारसं कुणी नसतं. सगळी डोकेदुखी के बँडची. शेजारच्या लेनमधली गाडी दाखवणारे ब्लाइंड स्पॉटचे सेन्सर कितीतरी गाड्यांत 24 गिगाहर्ट्झवरच चालतात. नव्या गाड्या 77 कडे सरकल्या आहेत, पण जुन्या अजून वर्षानुवर्षं रस्त्यावर असणार. शिवाय दुकानांची आपोआप उघडणारी दारं. एडिसनहून ओक ट्री रोडला भाजी आणायला निघालात, तर साधा डिटेक्टर रूट 27 वर पोचेपर्यंत तुमचं डोकं उठवतो.

असा डिटेक्टर म्हणजे 'लांडगा आला रे आला'वाला पोरगा. पहिल्या आठवड्यात तुम्ही प्रत्येक हाकेला दचकता, दुसऱ्यात आवाज कमी करता, महिन्याभरानं तो डॅशबोर्डच्या खणात जातो. सहा महिन्यांनी हीच मंडळी मला सांगतात, की रडार डिटेक्टर काही कामाचे नसतात. यंत्राला ऐकू येत होतं, यांनीच ऐकणं सोडलं होतं. म्हणून टप्प्याच्या आकड्यांआधी दोन गोष्टी विचारा. शेजारून जाणाऱ्या गाड्यांचे सेन्सर तो कितपत गाळतो? आणि त्यात जीपीएस आहे का, म्हणजे त्याच जागी रोज भेटणारं दुकानाचं दार तो लक्षात ठेवून पुढच्या वेळी गप्प राहील? काही यंत्रं हे आपण होऊन शिकतात, काहींना बटण दाबून शिकवावं लागतं.

हे कुठल्याही गाडीला लागू आहे. स्पोर्ट्स कारचे प्रश्न आणखी वेगळे, आणि त्यांकडे कुणी बघत नाही.

पहिला प्रश्न काचेचा. काही युरोपीय गाड्यांच्या पुढच्या काचेत उष्णता परतवणारा धातूचा सूक्ष्म थर असतो. तो रडारच्या लहरीही अडवतो. हीच अडचण टोलच्या ई-झेडपासलाही येते, म्हणून अशा काचेत आरशाजवळ एक मोकळा तुकडा सोडलेला असतो. डिटेक्टर त्या तुकड्यातूनच बघायला हवा. नाहीतर सातशे डॉलरचं यंत्र डोळ्यांवर पट्टी बांधून बसवल्यासारखं होतं. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी आधीच्या मालकानं पुढच्या काचेला धातूची टिंट फिल्म लावली आहे का, तेही बघावं.

दुसरा प्रश्न उंचीचा. मियाटात मी जवळजवळ रस्त्यावरच बसते. पुढे एखादी एसयूव्ही आली, की माझ्या डिटेक्टरला तिची डिकी दिसते आणि बाकी काही नाही. म्हणून डॅशबोर्डवर ठेवू नका, काचेवर शक्य तितका वर लावा, आरशाच्या शेजारी. आरशाच्या दांड्याला अडकवायचे धातूचे माउंट मिळतात. ताठ सस्पेन्शनच्या गाडीत रबरी सक्शन कप खड्ड्यागणिक सुटतो आणि जुलैच्या उन्हात तापून तर आपण होऊन पडतो, त्यापेक्षा हे परवडतं. कॅलिफोर्निया आणि मिनेसोटात काचेला काय लटकवावं यावर बंधनं आहेत, तिकडच्यांनी आधी नियम बघावा.

तिसरा प्रश्न आवाजाचा आणि उन्हाचा. छत उघडून ताशी 65 नं जाताना शेजारी बसलेला माणूस काय म्हणतो ते कळत नाही, तिथे बारीकसा 'बीप' कुठे ऐकू येणार? उन्हात स्क्रीनही पांढरा पडतो. दुकानातल्या दिव्यात सगळेच स्क्रीन झकास दिसतात. उघड्या गाडीसाठी आवाज मोठा हवा, स्क्रीन तेजस्वी हवा, आणि प्रत्येक बँडचा सूर वेगळा हवा, म्हणजे न बघता कळतं. एक मात्र नक्की, यंत्र चटकन काढता आलं पाहिजे. छत उघडं ठेवून कॉफी घ्यायला गेलात, तर परत आल्यावर ते तिथेच असेल याची खात्री नाही.

आता नावं. व्हॅलेंटाइनची दुसरी पिढी 2020 मध्ये आली. बाण अजून आहेत, आणि मला ते मनापासून आवडतात, कारण लहर पुढून येते की मागून हे कळलं की निम्मा घोळ संपतो. पण तिच्या यंत्रात स्वतःचं जीपीएस नाही, ती मजा फोनवरच्या ॲपला जोडून घ्यावी लागते. ज्यांना सेटिंगमध्ये रमायला आवडतं त्यांच्यासाठी ती आहे. आमच्याकडचे बरेच जण सॉफ्टवेअरवाले, म्हणजे रमतातच. युनिडेनचा आर 3 साधारण तीनशे डॉलरच्या घरात मिळतो. बाण नाहीत, जीपीएस आहे, टप्पा उत्तम. पहिल्यांदा घेणाऱ्याला मी हाच सुचवते. बाणही हवेत आणि फोनही मध्ये नको, तर त्याच कंपनीचा आर 8, साधारण दुप्पट किमतीत. एस्कॉर्टचा रेडलाइन 360 सी त्याहून महाग. यंत्र चांगलंच आहे, पण वरच्या पैशांत काय जास्त मिळतं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. शंभर डॉलरच्या खालचं काहीही घेऊ नका. तेवढ्या पैशांत ई-झेडपास भरून ठेवा.

लेझरबद्दल हमखास विचारणा होते. लेझर गन म्हणजे 904 नॅनोमीटरचा अदृश्य प्रकाश, हजार फुटांवर जेमतेम तीन फूट रुंद, आणि पोलिस तो नेमका तुमच्या नंबर प्लेटवर किंवा दिव्यावर धरतो. डिटेक्टर 'लेझर' म्हणून ओरडला, तेव्हा तुमचा वेग बहुधा त्याच्या खिशात गेलेला असतो. मग लोक जॅमरकडे, म्हणजे गनला वेग वाचूच न देणाऱ्या यंत्राकडे, वळतात. रडार जॅमर देशभर बेकायदा आहे, तो विषय संपला. लेझर जॅमरचा कायदा राज्यागणिक बदलतो. कॅलिफोर्निया, टेक्सस, व्हर्जिनियात बंदी आहे. मी लावलेला नाही आणि लावणारही नाही. पोलिस येतोय हे कळणं वेगळं आणि त्याचं यंत्र बंद पाडणं वेगळं.

डिटेक्टर मुकाच राहतो असे प्रकारही आहेत. पेनसिल्व्हेनियात गावातल्या पोलिसांना वर्षानुवर्षं रडार वापरायची परवानगीच नव्हती, ते रस्त्यावरच्या दोन खुणांमधला वेळ मोजून वेग काढत आले. तिथे हवेत लहरच नाही, पकडणार काय? मागून येऊन तुमच्याच वेगानं चालणाऱ्या पोलिसाचंही तेच. अशा वेळी वेझ या रस्ता दाखवणाऱ्या ॲपवर पुढच्या ड्रायव्हरनं केलेली खूण जास्त उपयोगी, म्हणून मी दोन्ही चालू ठेवते. पुण्याचा भाचा दर वर्षी म्हणतो, "मावशी, येताना एक आण." त्याला मी नाही म्हणते. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर आता दोन ठिकाणांमधल्या अंतरावरून सरासरी वेग काढणारे कॅमेरे आहेत आणि बाकी ठिकाणी मामांच्या हातात लेझर गन. तिकडे तो डबा शोभेचाच.

"मर्यादेत चालव की, सहाशे डॉलर वाचतील," हे आमच्या घरातलं मत. त्यावर माझ्याकडे सज्जड उत्तर नाही. टर्नपाइक हायवेवर मर्यादा 65 ची आणि रस्ता वाहतो 75 नं. जर्सीत 15 ते 29 मैल जास्त गेलात की लायसन्सवर दंडाचे चार पॉइंट, आणि त्यानंतर विम्याचा हप्ता जो चढतो तो दंडापेक्षा जड. पण गावातल्या रस्त्यांवर, शाळेपाशी, मी यंत्र बंदच ठेवते. तिथे ते लागत असेल, तर चूक यंत्राच्या निवडीत नाही.

कॉर्व्हेटवाले काका, तुमच्यापुरतं सांगायचं तर आधी काच तपासा, आरसा आपोआप अंधारणारा असेल तर त्याच्याच विजेवर चालणारी तार घ्या, म्हणजे डॅशबोर्डवर वेटोळी लोंबणार नाहीत. यंत्र परत घेणाऱ्या दुकानातूनच विकत घ्या. मुदत संपायच्या आत एकदा गार्डन स्टेट पार्कवेवर आणि एकदा शनिवारी दुपारी ओक ट्री रोडवर नेऊन बघा. पार्कवेवर सगळेच पास होतात. ओक ट्रीवर जो गप्प राहील तो ठेवा.