नावेतली उशी

परक्या घरी मला झोप लागणार की नाही, हे उशी ठरवते. फार मऊ असली तर मान बुडते, कडक असली तर रात्रभर कूस बदलत राहायचं. त्यामुळेच असेल, शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार कथा, वाचताना माझं लक्ष मोठमोठ्या चमत्कारांवरून घसरतं आणि मार्कच्या चौथ्या अध्यायातल्या एका उशीवर जाऊन बसतं.

गालील समुद्रात वादळ उठलंय, लाटा नावेत शिरतायत आणि येशू मागच्या अंगाला उशी घेऊन झोपलाय. मत्तय आणि लूक हाच प्रसंग सांगतात, पण उशी फक्त मार्ककडे. समुद्र म्हणायचा, आहे ते गोड्या पाण्याचं तळं. समुद्रसपाटीच्या दोनशेहून अधिक मीटर खाली, भोवती डोंगर, त्यामुळे वारा वरून एकाएकी कोसळतो. १९८६ साली दुष्काळात तिथलं पाणी हटलं तेव्हा गिनोसारजवळच्या चिखलात त्या काळच्या सुमाराची एक नाव सापडली. लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास, रुंदी सव्वादोन. असल्या होडक्यात, वादळात, भिजत झोपायचं म्हणजे माणूस किती दमलेला असेल! दिवसभर नावेतच बसून काठावरच्या गर्दीला दाखले सांगितले होते. संध्याकाळी शिष्यांनी जसा होता तसा पलीकडे न्यायला घेतला.

यरुशलेमला जाणारे यात्रेकरू जी स्तोत्रं गात, त्यांतल्या १२१व्यात इस्राएलाचा रक्षणकर्ता झोपत नाही, डुलकीसुद्धा घेत नाही, असं म्हटलंय. शिष्यांना ते तोंडपाठ असणार. ख्रिस्ती श्रद्धा सांगते, तोच देव इथे घोरत (हे घोरणं माझ्या पदरचं) पडलाय.

हे पचायला जडच. म्हणून सुरुवातीच्या काळात काहींनी सोपी वाट काढली: येशूचं शरीर हा नुसता भास, भूक-थकवा दिसण्यापुरता. चर्चने ती नाकारली. ४५१ साली खल्केदोन इथल्या बिशपांच्या परिषदेनं येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, दोन्ही एकाच व्यक्तीत, असं ठरवून टाकलं. मला मात्र त्याआधीच्या शतकातला नाझियान्झसचा ग्रेगरी हा बिशप जवळचा वाटतो. माणसातलं जे ख्रिस्तानं धारण केलं नाही ते बरं झालेलं नाही, असं तो म्हणतो. तो बोलत होता मानवी मनाबद्दल. मी ते आपलं झोपेपर्यंत ओढतो. आपलं पेंगणं, अंग मोडून येणं, डोळे मिटल्यावर जगाला आपला काही उपयोग नसणं, हेही सगळं ख्रिस्तानं घेतलं असेल तरच देव माणूस झाला म्हणायचं.

देवाला झोपवणं आपल्याला परकं नाही. पंढरपुरात रोज शेजारती होते. आषाढीत रात्रंदिवस दर्शन चालतं म्हणून विठोबाचा पलंग काढून ठेवतात आणि उभ्या देवाच्या पाठीला लोड देतात. तिथे भक्त देवाचा शीण जपतात. गालीलातल्या कोळ्यांना तेवढी उसंत कुठली! ते त्याला उठवतात, आणि तेही चिडून: गुरुजी, आम्ही बुडतोय, तुम्हाला काहीच वाटत नाही?

तो उठून वाऱ्याला दटावतो, पाणी निवतं. त्यानंतर पुन्हा जरा पाठ टेकली का, हे मार्क सांगत नाही. पलीकडच्या काठावर पाय ठेवतो न ठेवतो तोच थडग्यांतून एक भूतबाधा झालेला माणूस समोर आला, एवढं मात्र लगेच सांगतो.