किती खोल? एक वीत

मेटल डिटेक्टर जमिनीत किती खोलवरचं दाखवतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, कारण हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की एकदा नीट लिहूनच ठेवावं असं वाटलं. रविवारी पहाटे वर्सोव्याच्या वाळूत मशीन घेऊन फिरत असतो तेव्हा मॉर्निंग वॉकवाले थांबतात, टोपली घेऊन निघालेल्या कोळणी मावश्या विचारतात "काय गावला का रं?", आणि लग्नाच्या पंगतीत कुणाला कळलं की हा मेटल डिटेक्टर घेऊन नाणी शोधतो, की वाटी खाली ठेवून विचारणारच, "किती खोलवरचं दाखवतं हो ते?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं की मनात दहा फूट, वीस फूट असा काहीतरी आकडा आहे.

खरा आकडा एक वीत. पंजा ताणून अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत, माझी वीत बरोबर ९ इंच भरते, आणि एकट्या पडलेल्या नाण्याला चांगलं मशीन साधारण तेवढंच जातं, कधी ६ इंच, कधी १०. जागा शांत, नाणं मोठं, कान तयार असतील तर फूटभर. त्यापुढचं कुणी सांगितलं तर त्याला विचारा की खड्ड्यात टेप लावून मोजलं होतंस का.

आता हे असं का, ते सांगतो, कारण मला स्वतःला हा भाग फार आवडतो. काठीच्या टोकाला जी गोल ताटली असते त्याला आम्ही कॉइल म्हणतो, आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात, एका वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा करंट जातो, त्याने खाली जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि त्या क्षेत्रात नाणं आलं की नाण्याच्या अंगात भोवऱ्यासारखे छोटे करंट फिरायला लागतात. ते करंट स्वतःचं एक बारीकसं क्षेत्र वर पाठवतात आणि दुसरं वेटोळं ते ऐकतं. म्हणजे आपण जमिनीला हाक मारतो आणि नाणं ओ देतं. पण ही हाक अंतराबरोबर भयंकर वेगाने विरते, ताटलीपासून जरा लांब गेलं की अंतर दुप्पट झालं तर जोर आठवा हिस्सा, आणि नाण्याची ओ वर येताना पुन्हा आठवा हिस्सा, म्हणजे आठ गुणिले आठ, चौसष्टावा हिस्सा. म्हणून ५ इंचावर कानात ओरडणारं नाणं १० इंचावर कुजबुजतं आणि १५ इंचावर गप्प. बॅटरी दुप्पट लावून हे सुटत नाही. मोठी कॉइल लावली तर थोडं खोल जाता येतं पण मग तिच्याखाली एकाच वेळी चार खिळे, दोन बुचं आणि एक नाणं येतं आणि कोण बोलतंय तेच कळत नाही.

मी हे पुस्तकातून मानलं नाही, करून बघितलं. आजीचा एक चांदीचा रुपया आहे, पंचम जॉर्जचा, ११.६६ ग्रॅमचा, बारापैकी अकरा भाग चांदी. तो प्लॅस्टिकच्या पुडीत घालून पुडीला नायलॉनचा दोरा बांधला (हरवला असता तर आईने घरात घेतलं नसतं) आणि गोराईच्या कोरड्या वाळूत एकेक इंच खाली नेत गेलो. ८ इंचापर्यंत स्वच्छ, घंटेसारखा आवाज. १० इंचावर श्वास रोखला तर ऐकू येतो. १२ वर काही नाही. मग तोच रुपया उभा, म्हणजे कडेवर ठेवून पुरला, तर ८ चे ५ झाले, कारण कडेवरच्या नाण्याला भोवरे फिरवायला जागाच नाही.

दुसऱ्या दिवशी ओल्या वाळूत, भरतीच्या रेषेखाली, आणि तिथे मशीन वेड्यासारखं बडबडायला लागलं, कारण खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं आणि मशीनला अख्खा किनारा म्हणजे एक पातळ धातूचा पत्रा वाटतो. त्यासाठी एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी मशीन असतात, ती मिठाचा आवाज वेगळा काढतात, किंवा पल्सवाली, जी एक धक्का देऊन थांबतात आणि मिठाचा आवाज विरल्यावर मग ऐकतात, पण त्यांना लोखंड कुठलं आणि चांदी कुठली हे धड सांगता येत नाही, सगळंच खणावं लागतं. आणि मे महिन्यात देवगडला गेलो तेव्हा आंब्याच्या कलमांखाली तोच रुपया पुरला, तांबड्या जांभ्याच्या मातीत. ५ इंच. बास. ती माती लाल आहे तीच मुळी लोखंडाच्या गंजाने, त्यामुळे नाण्याची ओ मातीच्याच गोंगाटात बुडते. देशावरची काळी मातीही कमी नाही, बेसॉल्ट कुजून झालेली, त्यातही लोहचुंबकाचे कण असतात. परदेशातल्या व्हिडिओत हिरव्या कुरणात जे १२-१२ इंच सहज दाखवतात ना, ते बघून इकडे कुणी मशीन घेऊ नका, आपली जमीन वेगळी आहे.

आणि आपली नाणीही वेगळी. आताचे रुपया, दोन रुपये स्टेनलेस स्टीलचे, चुंबकाला चिकटणारे, त्यामुळे मशीन त्यांना खिळ्याच्या खानदानात टाकतं, लोखंड गाळायचं बटण चालू ठेवलं तर ती नाणी पायाखालून निघून जातात. पाच रुपयांचं पिवळं छान बोलतं. जुने पाच-दहा पैसे ॲल्युमिनियमचे, वजनाला पिसासारखे, खाऱ्या वाळूत खाऊन खाऊन जाळी झालेले मिळतात. चार आणे तर ३० जून २०११ पासून चलनातूनच गेले, तरी समुद्र अजून देतोय.

हे सगळं मशीनचं झालं, पण नाणं तिथपर्यंत जातं कसं हेही बघायला पाहिजे. वाळूत ते स्थिर नसतंच, पावसाळ्यात समुद्र वाळूचा अख्खा थर ओढून नेतो आणि पुढे हिवाळ्यात परत आणून टाकतो, जुलैत हातभर खाली असलेलं ऑगस्टमध्ये उघड्यावर येऊ शकतं, म्हणून मोठ्या भरतीनंतरच्या ओहोटीला मी झोपत नाही. जमिनीत मात्र वेगळं, तिथे गांडुळं काम करतात. डार्विनने १८८१ मध्ये गांडुळांवर आख्खं पुस्तक लिहिलं, त्यात त्याने मोजलंय की गांडुळं खालची माती वर आणून टाकत राहतात आणि वर पडलेली वस्तू वर्षाला काही मिलिमीटर खाली जाते. म्हणजे कुणी पुरलेलं नसतानाही नाणं आपोआप पुरलं जातं, फारसं घाईने नाही, आणि कायम नाही, घट्ट थर लागला की थांबतं.

योगायोग बघा, त्याच १८८१ च्या जुलैमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली आणि ती अंगात किती खोल आहे, कुठे आहे, हे शोधायला टेलिफोनवाले ग्रॅहम बेल मशीन घेऊन गेले. तत्त्व हेच, माझ्या हातातल्या मशीनचं. गोळी सापडली नाही. पलंगाच्या गादीत स्टीलच्या स्प्रिंगा होत्या, आणि डॉक्टरांनी उजव्या बाजूलाच शोधू दिलं, गोळी होती डावीकडे. सप्टेंबरात गारफिल्ड गेले. मला ही गोष्ट दरवेळी चटका लावते, मशीन बरोबर होतं, ऐकणारा माणूसही बरोबर होता, फिरवू दिलं चुकीच्या जागी.

आता तुमच्यातले काही म्हणतील की मग ते हंडे कसे सापडतात? बरोबर आहे. वर जे सांगितलं ते एकट्या नाण्याचं. ढीग असेल तर तो खूप मोठ्याने बोलतो. इंग्लंडमध्ये फ्रोम गावाजवळ २०१० मध्ये एकाच मडक्यात ५२,५०३ रोमन नाणी निघाली, तोंड फूटभर खोलीवर. जर्सी बेटावर २०१२ मध्ये दोघांना सत्तर हजारांच्या आसपास नाण्यांचा गठ्ठा लागला, तो जवळजवळ मीटरभर खाली. हातातल्या मशीनने यापुढे सहसा नाही.

आणि इथेच मला फोन येतात. "आमच्या जुन्या वाड्याच्या भिंतीखाली हंडा आहे, पंधरा फुटांवर, मशीन घेऊन या, अर्धा-अर्धा करू." पूर्वी पायाळू माणूस शोधायचे, पायाकडून जन्मलेल्याला जमिनीतलं धन दिसतं म्हणून त्या बिचाऱ्याला रात्री-अपरात्री शेतात उभा करायचे, आता पायाळूच्या जागी मशीन आलंय. गुप्तधनाच्या नावाने माणसं मारली गेलीत आपल्याकडे, २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केलेल्या अघोरी प्रकारांचा उल्लेख उगाच नाही. मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याला शेकडो लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन दुसऱ्यांची शेतं खणत होते, मुघलांची सोन्याची नाणी मिळतील म्हणून. ते खड्ड्यांचे फोटो बघून मी दोन दिवस मशीनला हात लावला नाही. पन्नास फूट खोल सोनं दाखवणारं मशीन म्हणून जे विकतात ते फसवतात, इतकं मी ठामपणे सांगतो, घेऊ नका.

एक मात्र सांगायला पाहिजे, कारण त्याशिवाय हे उत्तर अर्धं राहील. २०१६ ला मी मामाच्या शेताच्या बांधावर मशीन फिरवलं. मामाची परवानगी होती, गड-किल्ला जवळ नव्हता, मला वाटलं सगळं ठीक आहे. एक छान आवाज आला, मी खुरप्याने भसाभसा खणलं आणि हातात शिवराई आली, शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. झिजलेली, तरी एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' वाचता येत होतं. माझे हात थरथरत होते हो. तिथेच बांधावर बसून राहिलो कितीतरी वेळ.

ती घेऊन दादरला एका सरांकडे गेलो, पुरातत्त्व शिकवून रिटायर झालेले. त्यांनी भिंगातून बघितली, खूश झाले, आणि मग विचारलं, "किती खोल होती?"

मी म्हटलं, सर, वीतभर असेल.

"असेल म्हणजे? मोजलं नाहीस? माती काळी होती का पांढरी? शेजारी खापरं होती? राख होती? आडवी होती का उभी?"

मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. सर ओरडले नाहीत, चहा मागवला आणि सांगितलं, "बाळ, शिवराई महाराजांच्या नंतरही पाडत होते, पेशवाई संपेपर्यंत आणि त्याच्याही पुढे चालत होती. ही महाराजांच्या हयातीतली का दीडशे वर्षांनंतरची, हे नुसत्या अशा झिजलेल्या नाण्यावरून ठरवणं अवघड. ती ज्या थरात होती तो थर सांगू शकला असता. तो तू खणून टाकलास." मग त्यांनी हॉक्सन गावाची गोष्ट सांगितली, इंग्लंडमध्येच १९९२ मध्ये एक माणूस शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला मशीन घेऊन गेला आणि त्याला रोमन काळातलं सोन्या-चांदीचं घबाड लागलं, जवळपास पंधरा हजार नाणी. त्याने थोडं काढल्यावर हात आवरला आणि कळवलं, दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाले आले, म्हणून कुठली वस्तू कुठल्या वस्तूला टेकून होती, पेटी कशी होती, सगळं कळलं. तो हातोडाही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

कायदाही सरांनीच सांगितला, मला माहीतच नव्हता. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, काय सापडलं, कुठे, कधी. लपवलं तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संरक्षित गडावर परवान्याशिवाय खणायचंच नाही, मशीन असो नाहीतर कुदळ. आम्ही दोघांनी बसून अर्ज लिहिला, मी स्वतः नेऊन दिला, शिवराई जमा केली. तारीख लिहिली, जागेचा नकाशा काढला. खोलीच्या रकान्यात मला "अंदाजे" लिहावं लागलं, तो शब्द अजून टोचतो.

तेव्हापासून शेतात, वाड्यात, गडाच्या आसपास मशीन नेत नाही, कितीही ओळखीतला फोन असला तरी. चौपाटीवर फिरतो, लोकांचं हरवलेलं शोधून देतो, पैसे घेत नाही. आणि पिशवीत मेजरटेप आणि दोनशे पानी वही ठेवतो. चिल्लर निघाली तरी खड्ड्यात टेप लावून मोजतो, लिहितो, मग खड्डा बुजवतो. बघणाऱ्यांना वाटतं रुपयासाठी एवढं कशाला.

गेल्या रविवारी गिरगावहून एक मुलगी आली होती, आदल्या संध्याकाळी वर्सोव्याला वाळूत खेळताना तिच्या आजीची सोन्याची अंगठी बोटातून गेली होती, रात्रभर झोपली नव्हती, डोळे सुजलेले. ओहोटी सहाच्या सुमाराला होती. पावणेसातला आवाज आला, हलका, दोन्ही बाजूंनी सारखा. ती गुडघ्यावर बसून हाताने वाळू उपसायला लागली, मी म्हटलं, ताई, एक मिनिट थांब, आणि टेप खड्ड्यात सोडला. ती बघतच राहिली. वहीत लिहिलंय: वर्सोवा, ओली वाळू, सोन्याची अंगठी, आडवी, साडेतीन इंच.